वाचकांचे प्रश्न : लेक्चर पाहू की मॉड्यूल वाचू?

मागच्या अंकात म्हटलं होतं की परीक्षेच्या अभ्यासाबद्दल काही अडत असेल तर लिहा, तर कॉमर्सवाल्यांनी पत्रांचा ढीगच लावला, आणि बहुतेकांचं विचारणं फिरून फिरून तेच, अकाउंटचा अभ्यास लेक्चरच्या व्हिडिओवरून करावा की पुस्तकावरून (सीएची परीक्षा घेणारी संस्था म्हणजे आयसीएआय, तिच्या अभ्यासाच्या पुस्तकाला पोरं मॉड्यूल म्हणतात). त्यातली चार पत्रं घेतली. नाव छापू नका असं चौघांनीही लिहिलं म्हणून खाली नुसता एरिया दिला आहे.

ताई नमस्कार, मी सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपची तयारी करून राहिलो. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगची रेकॉर्डेड रेग्युलर बॅच घेतली आहे. लेक्चर पाहताना सगळं समजते, सर बोर्डवर सम (हिशेबाचं उदाहरण) सोडवतात तेव्हा वाटते हे तर सोपं आहे, पण मॉड्यूल उघडून स्वतः बसलो की पहिल्याच ॲडजस्टमेंटला अडकतो. मित्र म्हणतो लेक्चर बंद कर न् डायरेक्ट मॉड्यूल वाच, पण वाचायला बसलो की झोप येते, मी बहुतेक व्हिज्युअल लर्नर आहे. निम्मी लेक्चरं अजून बाकी आहेत. काय करू? — नंदनवन

अरे, सम तुझ्या सरांनी सोडवला, तू तो सोडवताना पाहिला, सोपा वाटणारच ना. कोणती वर्किंग नोट, म्हणजे बाजूचा हिशेब, पहिले काढायची, कोणती रक्कम कुठं न्यायची, कोणत्या ओळीकडं दुर्लक्ष करायचं हे जे ठरवणं असते तेच अवघड असते, आणि ते सगळं सरांनी करून टाकलं, तुझ्याकडं राहिलं फक्त उतरवून घेणं. पेपरात ठरवायचं काम तुझ्याकडं येते म्हणून पहिल्याच ॲडजस्टमेंटला गाडी अडते.

मित्राचंही पूर्ण बरोबर नाही पण. मॉड्यूल हायलायटरनं पिवळं करत चारदा वाचलं तरी हेच होते. २००६ साली अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला होता, काहींना उतारा परत परत वाचायला दिला, काहींना वाचून झाल्यावर न पाहता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तेव्हा न पाहता लिहिणारे पुढं गेले. तुझा पेपर काही लेक्चर संपल्यावर पाच मिनिटांनी नाही, काही महिन्यांनी आहे. म्हणून पाहिलं की वाचलं यावर फार डोकं लावू नको, झाकून किती लिहिलं ते मोज.

व्हिज्युअल लर्नरचं तर सोडूनच दे. कोणी पाहून शिकते, कोणी ऐकून शिकते, त्या त्या पद्धतीनं शिकवलं की जास्त समजते, या म्हणण्याला धड पुरावा नाही असं मानसशास्त्रवाल्यांनी २००८ सालीच सगळा अभ्यास तपासून लिहून ठेवलं आहे. वाचताना झोप येते ती जेवण झाल्यावर कूलरसमोर गादीवर मॉड्यूल घेऊन पडला की सगळ्यांनाच येते. टेबलावर बस, हातात पेन असू दे.

आता मॉड्यूल का सोडू नये ते सांगते. एएस २ घे, म्हणजे इन्व्हेंटरीचं, शिल्लक मालाचं, अकाउंटिंग स्टँडर्ड. लेक्चरमधून डोक्यात काय राहते, तर कॉस्ट आणि नेट रिअलायझेबल व्हॅल्यू (विकून हाती येईल ती रक्कम) यात जे कमी ते. आता सम असा आला की कच्चा माल १२० रुपये किलोनं घेतला, वर्षाच्या शेवटी त्याचाच बाजारभाव १०० झाला, पण त्या मालापासून बनणारी वस्तू कॉस्टच्या वर विकली जाईल असं दिसते. नुसतं ऐकलेला पोरगा १०० लिहून मोकळा होते. उत्तर १२० आहे, कारण तयार माल कॉस्टला किंवा वर विकला जाणार असेल तर त्यात लागणारा कच्चा माल खाली आणायचा नाही असं स्टँडर्डमध्येच स्वच्छ लिहिलं आहे. सरांनी ते सांगितलं असेल बरं, नक्कीच सांगितलं असेल, पण तू तेव्हा १.७५ स्पीडवर होता आणि ते वाक्य निघून गेलं. पुस्तकात ते वाक्य पळून जात नाही, आणि आयसीएआयला असल्याच वाक्यांवर प्रश्न काढायची हौस आहे.

अजून एक, तुझ्याच ग्रुपातलं. बुटीबोरीतल्या कारखान्यात डिसेंबरात मशीन आलं, फेब्रुवारीत बसवून चालवायला तयार झालं, प्रत्यक्षात चालू झालं एप्रिलमध्ये. अकाउंटच्या पेपरात एएस १० प्रमाणे डेप्रिसिएशन (घसारा) फेब्रुवारीपासून, कारण वापरायला तयार झालं की सुरू. टॅक्सच्या पेपरात मार्चला संपणाऱ्या त्या वर्षाचं डेप्रिसिएशन शून्य, कारण तिथं मशीन वापरात आलेलं लागते, आणि आलं असतं तरी वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर म्हणून अर्धंच मिळालं असतं. अकाउंटचे सर वेगळे, टॅक्सचे सर वेगळे, हा फरक एकाच लेक्चरात ऐकायला मिळेलच असं नाही. दोन्ही मॉड्यूल बाजूबाजूला उघडून एका कागदावर लिहून काढलं की कायमचं बसते.

म्हणून लेक्चर फेकून दे असंही नाही म्हणत मी. कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी न् उपकंपनीचे हिशेब एकत्र करणं), अमाल्गमेशन (कंपन्यांचं विलीनीकरण), कॅश फ्लो असे चॅप्टर आहेत की जिथं पानावर तयार उत्तर पाहून काही उलगडत नाही, पहिले होल्डिंगचं टक्केवारीचं गणित, मग घेण्याच्या तारखेच्या आधीचा नफा न् नंतरचा नफा वेगळा, मग मायनॉरिटी इंटरेस्ट, मग गुडविल, हे कोणी आपल्यासमोर एकेक करून मांडलं तर अर्ध्या तासात समजते जे वाचून दोन दिवस समजत नाही. तिथं लेक्चर पाहाच. फक्त सरांनी प्रश्न वाचला की तिथंच पॉज कर, कॉपीत फॉर्मॅट मांड, दहा मिनिटं स्वतः झटापट कर, अडकला की मग प्ले दाब. चुकीचं मांडलं तरी चालते, कारण नंतर सर तेच करताना दिसले की आपण नेमकं कुठं वळलो ते दिसते, आणि तेच ध्यानात राहते. लेक्चर संपल्यावर दुसऱ्या दिवशी तोच सम कोऱ्या पानावर, आणि आठवड्यानं त्याच जातीचा दुसरा, मॉड्यूलमधला किंवा जुन्या आरटीपीतला, म्हणजे आयसीएआयच्या रिव्हिजन टेस्ट पेपरातला.

स्पीडबद्दल पण सांगून टाकते, सगळेच विचारतात. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये एक प्रयोग झाला, त्यात दुप्पट स्पीडपर्यंत लेक्चर पाहूनही पोरांना जवळपास तितकंच समजलं. पण ती लेक्चरं होती रोमन साम्राज्यावर आणि घरांची किंमत कशी काढतात यावर, त्यात अमाल्गमेशनची जर्नल एन्ट्री नव्हती बाबा. थिअरी पळव पाहिजे तितकी, सम चालू झाला की साध्या स्पीडवर ये.

आणि राहिलेली निम्मी लेक्चरं पूर्ण करायचीच असं व्रत घेऊ नको. बॅकलॉगचा आकडा रोज पाहून पोरं घाबरते आणि मग सम सोडून नुसती लेक्चरं उरकत बसते. कॉर्पोरेट लॉचं उदाहरण घे, एकदा ओळख झाली की पुढं ते वाचायचंच काम आहे, तिथं मार्क प्रोव्हिजनच्या शब्दांना असते, मग दिलेल्या केसला ते लावायचं, मग निष्कर्ष. सरांच्या हिंदीतल्या किश्श्यांवर तिथं मार्क मिळत नाही. टॅक्सचं मात्र जपून, जुनी रेकॉर्डिंग मित्राकडून फुकट मिळाली म्हणून पाहू नको. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन इन्कम टॅक्सचा २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, प्रीव्हियस इयर न् असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं, जीएसटीचे रेटही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. तुझ्या अटेम्प्टला नेमकं काय लागू आहे याची यादी आयसीएआयचं बोर्ड ऑफ स्टडीज काढते, ती पहिले डाउनलोड कर, मग कोणतं लेक्चर कोणत्या काळातलं आहे ते तपास.

टायमर लावून बसायची पण सवय कर. १०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे १० मार्कांच्या समाला १८ मिनिटं, त्यातच प्रश्न वाचणं न् वर्किंग नोट आली. ३० मार्क एमसीक्यूचे आहेत, बाकी ७० हातानं लिहायचे. लेक्चरमध्ये हाच सम सव्वा तास चालला असेल, म्हणून १८ मिनिटं म्हणजे काय हे अंगवळणी पडत नाही.

नमस्कार मॅडम, माझं इतवारीत किराण्याचं ठोक दुकान आहे. मुलगा सीए करते. दिवसभर कानात हेडफोन घालून मोबाईलसमोर बसून असते, विचारलं की म्हणते लेक्चर पाहून राहिलो. आता म्हणते रेग्युलर बॅच झाली पण फास्टट्रॅक पण घ्यावी लागते, परत पैसे. आमच्या वेळी पुस्तकं होती, एवढ्यात होऊन जायचं. पैसे द्यावे की नाही? — इतवारी

भाऊ, मोबाईलकडं पाहूच नका, त्यावरून काही समजत नाही, लेक्चर पाहताना न् क्रिकेट पाहताना माणूस सारखाच दिसते. त्याला म्हणा या आठवड्यात सम सोडवलेलं रजिस्टर दाखव. तुम्हाला त्यातलं समजायची गरज नाही (तुम्ही ठोक व्यापारी, खातं तर तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं समजते, ते वेगळं). खाडाखोड केलेली पानं दिसली, बाजूला वेळ लिहिलेला दिसला, लाल पेननं स्वतःच तपासलेलं दिसलं तर पोरगा कामात आहे. सुंदर अक्षरात, एकही काट नसलेल्या नोट्स दिसल्या तर ते सरांचं उतरवलेलं आहे.

फास्टट्रॅकचे, म्हणजे तेच थोडक्यात उरकणाऱ्या बॅचचे, पैसे आत्ता देऊ नका. आयसीएआयचं स्टडी मटेरियल, आरटीपी, मॉक टेस्ट पेपर, मागच्या परीक्षांची सजेस्टेड उत्तरं हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे, आणि ऑनलाइन क्लासही ते फुकट घेतात. त्याला दोन मॉक पेपर तीन तास लावून घरी बसून सोडवू द्या, मग कोणत्या चॅप्टरमध्ये मार्क गेले ते दिसेल, त्या चॅप्टरपुरतं काही घ्यावं लागलं तर घ्या. आणि घेतलंच तर व्ह्यू किती मिळते न् व्हॅलिडिटी किती महिन्यांची ते आधी विचारा, दीड व्ह्यूवाले लेक्चर एकदा पाहून झालं की दुसऱ्यांदा अर्धंच दिसते, आणि परीक्षा पुढं गेली तर व्हॅलिडिटी काही आपोआप पुढं जात नाही. तुम्ही माल घेताना विचारता तसंच हेही विचारायचं.

ताई, मी काटोलची, मराठी मीडियममधून बारावी कॉमर्स केलं आणि आता सीए फाउंडेशनची तयारी करतेय. व्हिडिओ हिंदीत असतात ते सगळे समजतात, पण आयसीएआयचं इंग्लिश पुस्तक उघडलं की एका पानाला एक तास लागतो. मग मी पुस्तक सोडून फक्त व्हिडिओवर केलं तर चालेल का? की सीए आपल्यासारख्यांसाठी नाहीच? — काटोल

शेवटचं वाक्य परत लिहिशील तर तुझं पत्रच छापणार नाही.

पहिले हे ठरव की पेपर कोणत्या भाषेत लिहिणार. आयसीएआयमध्ये इंग्लिश किंवा हिंदी, दोनच, मराठी नाही. हे लवकर ठरव, कारण तुझी खरी अडचण इथं आहे, ऐकायचं हिंदीत, वाचायचं इंग्लिशमध्ये, विचार करायचा मराठीत आणि लिहायचं परत इंग्लिशमध्ये. हिंदी घेतलं तर हिंदी मटेरियलही आयसीएआय देते, पण पुढं ऑफिसात, आर्टिकलशिपमध्ये (सीएच्या हाताखालच्या ट्रेनिंगमध्ये) सगळं काम इंग्लिशमध्येच असते, म्हणून झेपत असेल तर मी इंग्लिशच म्हणेन. नाही झेपलं तर हिंदीत पास झालेला सीए पण सीएच असते.

तुझ्या चार पेपरांपैकी गणिताचा न् इकॉनॉमिक्सचा हे दोन ऑब्जेक्टिव्ह आहेत, त्यात लिहायचं काही नाही, फक्त चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापते म्हणून अंदाजे गोळे काळे करत बसू नको. अकाउंटिंगमध्ये भाषा कमी, आकडे जास्त. तुला झोंबणार तो बिझनेस लॉज. आणि नुसत्या व्हिडिओवर जर कोणता पेपर अजिबात होणार नसेल तर तो हाच, कारण तिथं पूर्ण वाक्यं लिहावी लागते आणि ती वाक्यं तुझ्या डोळ्याखालून कधी गेलीच नसतील तर हातातून कुठून येतील?

तर असं कर. टॉपिकचा व्हिडिओ पहिले पाहा, समजून घे, मराठीत स्वतःशी बोलून पाहा. मग लगेच त्याच टॉपिकचं इंग्लिश पान उघड, आता अर्थ आधीच माहीत आहे म्हणून तासाचं पान वीस-पंचवीस मिनिटांवर येईल. मोठ्यानं वाच, घरचे हसले तर हसू दे. मग पुस्तक झाकून तीन-चार वाक्यं इंग्लिशमध्ये लिही, व्याकरण चुकलं तरी चालेल, पण ऑफर, ॲक्सेप्टन्स, कन्सिडरेशन, व्हॉइडेबल हे कायद्याचे शब्द जागच्या जागी पाहिजे. महिन्याभरात फरक दिसते.

अकाउंटिंगमध्ये पण एक नमुना देते, कारण तिथं व्हिडिओवाल्या मुली फसते. सेल्स बुकची बेरीज १,००० नं कमी घेतली गेली. दुरुस्ती काय? ट्रायल बॅलन्स व्हायच्या आधी सापडलं तर नुसतं सेल्स अकाउंटच्या क्रेडिटला १,००० लिहायचे, जर्नल एन्ट्री नाहीच. ट्रायल बॅलन्स झाल्यावर सापडलं तर सस्पेन्स (फरक तात्पुरता ठेवायचं खातं) डेबिट, सेल्स क्रेडिट. पुढच्या वर्षी सापडलं तर सस्पेन्स डेबिट आणि प्रॉफिट अँड लॉस ॲडजस्टमेंट क्रेडिट, कारण मागच्या वर्षीचं सेल्स खातं बंद होऊन गेलं. चूक एकच, कधी सापडली त्यावर उत्तरं तीन. हे तिन्ही व्हिडिओत तीन वेगळ्या दिवशी येते, तू एका पानावर शेजारी शेजारी लिहून काढ.

पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि सगळ्यांचे मिळून ५० टक्के लागते, म्हणजे लॉजमध्ये थोडं कमी पडलं तर अकाउंटिंग न् गणितानं ओढून घेता येते, पण ४० च्या खाली जाता येत नाही.

मॅडम, माझं वय ३६, हिंगणा एमआयडीसीत एका युनिटमध्ये अकाउंट्स पाहते, टॅलीवर बरीच वर्षं काम केलं आहे. आता सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) इंटर करतेय, जूनची परीक्षा. घरी दोन मुलं. वेळ मिळतो तो फक्त मेट्रोत, लोकमान्य नगरहून सीताबर्डी आणि पुढे, येताना जाताना. त्या वेळेत मोबाईलवर लेक्चर पाहणं बरं की पुस्तक? — वर्धमान नगर

म्हणजे नागपूर मेट्रोच्या ॲक्वा लाइनच्या या टोकापासून जवळपास त्या टोकापर्यंत. चांगला वेळ आहे तो, पण समाचा नाही. उभं राहून, एका हातानं दांडा धरून कोणीही कॉस्ट शीट मांडू शकत नाही, आणि दुसऱ्यानं मांडलेली पाहून काय होते ते वर नंदनवनवाल्याला सांगितलंच आहे. सकाळी जाताना बिझनेस लॉज, टॅक्सच्या प्रोव्हिजन, व्याख्या असलं वाचायचं ठेवा, मोबाईलवर पीडीएफ घेतली तरी चालते. संध्याकाळी डोकं थकलेलं असते तेव्हा लेक्चर ऐका, नव्या चॅप्टरची ओळख म्हणून, पाहिलं नाही नुसतं ऐकलं तरी पुरते. सम रविवारी सकाळी, मुलं उठायच्या आधी, दोन तास का होईना पण सलग आणि टेबलावर.

तुमचं एक वेगळं आहे मात्र. टॅलीत व्हाउचर मारलं की लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्सशीट सगळं आपोआप तयार होऊन येते, त्यामुळं इतकी वर्षं काम करूनही हातानं पोस्टिंग करायची सवय मोडली असेल. फायनान्शिअल अकाउंटिंगचे सुरुवातीचे चॅप्टर हे तर मला येते म्हणून सोडू नका, त्यांचे लेक्चर नाही पाहिले तरी चालेल पण सम हातानं करा.

कॉस्टिंगमध्ये उलट तुमचा फायदा आहे. प्रोसेस कॉस्टिंगचा नॉर्मल लॉस पोरांना पाठ करावा लागते, तुम्ही युनिटमध्ये रोज स्क्रॅप पाहता. १,००० किलो माल टाकला, एकूण खर्च ९६,०००, नॉर्मल लॉस ५ टक्के, स्क्रॅप २० रुपये किलोनं जाते, माल निघाला ९३० किलो. ५० किलो तर जाणारच होता, त्याचे १,००० रुपये स्क्रॅपचे आले, ते खर्चातून वजा करून ९५,००० भागिले ९५० म्हणजे १०० रुपये किलो. जास्तीचा गेलेला २० किलो हा ॲबनॉर्मल लॉस, प्रोसेस अकाउंटमध्ये तो २,००० लाच दाखवायचा. त्याचे स्क्रॅपचे ४०० रुपये इथं वजा करायचे नाहीत, ते ॲबनॉर्मल लॉसच्या खात्यात जाते आणि उरलेले १,६०० कॉस्टिंग प्रॉफिट अँड लॉसला. त्या ४०० ला बरेच जण चुकतात. तुमच्या युनिटचे खरे आकडे घेऊन असा एक सम स्वतः तयार करून पाहा, स्टोअरवाल्याला विचारलं तर लॉसची टक्केवारी तो तोंडी सांगेल.

आणि मे महिन्यात संध्याकाळी लाइट जाते, वायफाय बंद होते, म्हणून जूनच्या आधी रिव्हिजनला जे लागणार आहे ते तरी कागदावर काढून ठेवा.